बोडिंग

शाळेचे मास्तर दारात उभे राहून म्हणाले, "चिमणाबाई, पोरगं हुशार आहे. त्याला कोल्हापूरला बोर्डिंगात घाला," तेव्हा चिमणाबाईच्या डोक्यावर शेणाची पाटी होती. ती तिनं मास्तरांच्या अंगावर उलटी केली नाही, एवढं मास्तरांचं नशीब थोर.

कारण तिच्या कानात शिरला तो शब्द 'बोर्डिंग' नव्हता. मलकापूरच्या अलीकडच्या त्या वाडीत असले जडशीळ शब्द कुणाच्या तोंडात टिकत नसत. तिला ऐकू आलं 'बोडिंग'. आणि बोडणं म्हणजे काय, हे त्या बाईला सांगायची गरज होती होय? वस्तरा घेऊन डोकं तुळतुळीत करायचं, ते बोडणं. आणि पोराचं डोकं असं बोडतात ते बाप गेल्यावर.

"कुणी धाडलं तुमास्नी?" पाटी खाली आदळून ती म्हणाली. "भावजींनी न्हवं? ऱ्हाऊ द्या म्हनावं त्यांस्नी. माझा दादला जित्ता हाय. माझ्या पोराचं डोस्कं बोडायला कोण येतंय त्येच बघते मी!"

मास्तर बिचारे चार पावलं मागं सरले आणि गोठ्याच्या खुंट्याला अडखळले.

आता ही बाई एवढी का भडकली, ते सांगायला पाहिजे. तिचा नवरा केरबा पलटणीत. पहिलं मोठं युद्ध पेटलं तेव्हा पलटण बसऱ्याला गेली, तिच्याबरोबर तोही गेला. सुरुवातीला खुशाली यायची, मग थांबली. मग शेजारच्या गावचा एक जण पाय गमावून परत आला. तो म्हणाला, नदी उतरताना केरबा पाण्यात गेला, वर आलेला काही मी बघितला नाही. झालं! केरबाचा धाकटा भाऊ सयाजी ऊर बडवून रडला आणि म्हणाला, वैनी, दादाचं क्रियाकर्म उरकून टाकू, त्याचा जीव तिकडं परमुलखात अडकला असंल.

"वर आलेला बघितला न्हाय म्हनतोय न्हवं त्यो?" चिमणाबाईनं विचारलं. "मग मेलेला तरी बघितला का?"

सयाजी वाईट माणूस नव्हता हो. भावावर त्याची माया होती आणि भाऊ भुताखेतांत हिंडत राहू नये एवढीच त्याची तळमळ. पण चिमणाबाई जोतिबाच्या डोंगरावर गेली आणि देवासमोर बोलून आली, की नवरा परत येईस्तोवर पोराच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. तेव्हापासून हंबीरचे केस वाढत होते. वाडीतली पोरं टाळूवर घेरा ठेवून बाकीची डोई करून घ्यायची आणि हा मानेवर बुचडा बांधून शाळेत जायचा. पोरं त्याला 'हंबिरी' म्हणून चिडवायची. तो चिडायचा, मारामारी करायचा, पण आईला कधी म्हणाला नाही की केस काप.

मास्तरांनी अंगणात बसून तिची समजूत घातली. बोर्डिंग म्हणजे राहायची जागा. खेड्यातली पोरं तिथं राहतात, जेवतात आणि शहरातल्या शाळेत जातात. इथं चौथीच्या पुढं शाळा नाही. बोडण्याबिडण्याचा काही संबंध नाही.

"लेकरांची शपथ घ्या," ती म्हणाली.

मास्तरांनी लेकरांची शपथ घेतली. त्यांनी काही खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं त्यांनी खरं सांगितलं.

चिमणाबाईलाही पोराला शिकवायचंच होतं. केरबा जाताना तिला बजावून गेला होता, "पलटणीत मी अंगठा उठवून शिरलो. हंबीर लिवाय-वाचाय लागला, चार लोकांत बसाय लागला, की मी सुटलो बघ." ते तिच्या काळजावर कोरलेलं होतं. तिनं पोराचं गाठोडं बांधलं, सयाजीनं बैलगाडी जुंपली आणि तिघं कोल्हापूरला निघाली.

हे बोर्डिंग म्हणजे मूळची घोड्यांची एक जुनी पागा. कुतुबुद्दीन मास्तर म्हणून गणिताचे शिक्षक होते, ते लहानपणी खेड्यातून कोल्हापूरला शिकायला आले तेव्हा एका पिंजाऱ्याच्या दुकानाच्या फळीवर झोपायचे आणि सकाळी नाकातोंडातला कापूस झाडून शाळेत जायचे. नोकरी लागल्यावर त्यांनी ठरवलं, की दुसऱ्या कुठल्या पोराची अशी गत होऊ द्यायची नाही. गावातल्या चार भल्या माणसांना त्यांनी गोळा केलं, अर्ज-विनंत्या करकरून दरबाराकडून ही मोडकी पागा मागून घेतली आणि कुणब्यांची, मुसलमानांची, ज्या पोराला कोल्हापुरात कुणी नाही त्या पोरांची सोय केली. घोडं बांधायच्या एकेका जागेत दोन-दोन पोरं राहायची. पोरं त्या जागेला अजून 'ठाण'च म्हणायची. माझं ठाण, तुझं ठाण. शिकवायचं काम शाळेचं. आपण पाठ टेकायला जागा द्यायची, पोटाला भाकरी द्यायची आणि अडलं तिथं गणित सांगायचं, एवढंच मास्तरांचं म्हणणं. ते एवढंच म्हणायचे, पण त्या एवढ्याशासाठी त्यांनी अर्धं आयुष्य घातलं होतं.

पहिल्या साली काय झालं, की एका पोराच्या डोक्यातल्या उवा सगळ्या पागेत पसरल्या. मग खवडे झाले. पोरं पुस्तकापेक्षा डोकं जास्त खाजवायला लागली. निम्मी पळून घरी गेली आणि बोर्डिंग बंद पडतंय की काय अशी पाळी आली. तेव्हापासून मास्तरांनी एक नियम केला. नवीन पोरगं आलं, की आधी वस्तरा आणि मग उंबरा. कुणाचंही असो. स्वतःच्या मुलालाही रांगेत बसवून त्यांनी त्याचे केस उतरवले होते.

हे वाडीतल्या मास्तरांना कुठलं ठाऊक असायला!

त्यामुळं झालं काय, की गाडी पागेच्या अंगणात शिरली आणि चिमणाबाईला पहिल्यांदा दिसला तो ज्ञानू न्हावी. आंब्याखाली पाट टाकून बसलेला, पुढं पोरांची रांग, बाजूला केसांचा हा ढीग! एक पोर भोकाड पसरून रडत होतं आणि ज्ञानू त्याचं डोकं गुडघ्यात दाबून वस्तरा चालवत होता.

"अगं आई गं! मास्तरानं माझा गळा कापला की!" चिमणाबाई गाडीतनं ओरडली. "बोडिंगच हाय की वं हे! फिरवा भावजी, गाडी फिरवा!"

आरडाओरडा ऐकून कुतुबुद्दीन मास्तर बाहेर आले. उंच, वाळके, दाढी नीट कातरलेली. त्यांना वाटलं, कुणाला बैलानं मारलं. सयाजीनं गाडी न फिरवता बैल सोडले आणि त्यांना रामराम घातला. पोरगं शाळेत पहिलं आलंय, आणलंय, म्हणाला.

"बरं केलंत," मास्तर म्हणाले. "वडील आहेत का ह्याचे?"

"न्हाईत," सयाजी म्हणाला.

"हायती," चिमणाबाई गाडीतनं म्हणाली.

मास्तरांनी दोघांकडं बघितलं. "आहेत की नाहीत?"

"न्हाईत जी."

"हायती म्हनते न्हवं!"

रांगेतली बोडकी पोरं फिदीफिदी हसायला लागली. मास्तरांनी डोळे वटारले तशी गप्प झाली. मग त्यांनी शांतपणे समजावलं. ज्याचा बाप वारला असेल, त्या पोराचं इथं सगळं फुकट. ज्याचा बाप आहे, त्यानं वर्षाचं धान्य आणून घालायचं. म्हणून विचारावं लागतं.

सयाजीनं वैनीला बाजूला घेतलं. घरात धान्याची काय अवस्था होती ते दोघांना ठाऊक होतं. "वैनी, एक शबुद बोल फकस्त," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "पोराचं कल्यान हुतंय. एकच शबुद."

"एकच व्हय?" तिचे डोळे भरून आले, पण आवाज काही खाली आला नाही. "नवऱ्याला माराय काय पोतंभर शबुद लागत्यात व्हय, भावजी?"

सयाजी मान खाली घालून बैलांकडं गेला. हंबीर गाडीच्या चाकापाशी उभा होता. त्याला राहायचं होतं. आत पोरांची ठाणं दिसत होती, भिंतीवर फळा दिसत होता, आणि तो त्या फळ्यावरची नजर काढत नव्हता, हे चिमणाबाईनं बघितलं. पोराला परत न्यावं तर केरबाचा शब्द मोडतो. ठेवावं तर वस्तरा लागतो आणि केरबाच मरतो. बाईनं करावं तरी काय?

ती पदर खोचून मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. "मास्तर, तुमचं भांडान केसांसंगं हाय का उवांसंगं?"

मास्तरांना असला प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते गणिताचे माणूस; प्रश्न नीट घातला, की त्यांना उत्तर द्यावंच लागायचं. "उवांशी," ते म्हणाले.

"मग उवांचं माज्याकडं लागलं. ह्येच्या डोक्यात एक जरी घावली, तर तुमचा वस्तरा आन् ह्येचं डोस्कं. मी तोंडातनं चकार काढायची न्हाय."

"आणि तुम्ही कुठं असणार? वाडीत बसून उवा काढणार?"

"हितंच ऱ्हाते की. भाकऱ्या कोन थापतंय हितं?"

हा मात्र मास्तरांच्या वर्मी घाव बसला. भाकऱ्या करणारी बाई नुकतीच सोडून गेली होती आणि गेला आठवडाभर पोरं मास्तरांच्या हातच्या भाकऱ्या खात होती. त्या भाकऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. मास्तर म्हणाले, "दर शुक्रवारी मी स्वतः डोकं तपासणार. एक ऊ दिसली, की ज्ञानूला बोलावणार. आणि धान्याऐवजी तुमचं काम धरतो. कबूल?"

"कबूल."

अशी चिमणाबाई बोर्डिंगात राहिली. सयाजी एकटाच गाडी घेऊन परत गेला. वाडीत त्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्यानंतर क्रियाकर्माचं नाव त्यानं काढलं नाही.

पहाटे उठून ती भाकऱ्या थापायची, पोरं शाळेत गेली की दळायची, आणि रोज संध्याकाळी हंबीरला दोन गुडघ्यांत धरून बसायची. सीताफळाच्या बिया वाटून लावायच्या, डोळ्यावर फडकं बांधायचं, धुवायचं आणि मग बारीक दातांच्या फणीनं मुळापासून विंचरायचं. पोरगं कळवळायचं. "बापासाठनं एवढं सोस," ती म्हणायची. आणि खरंच होतं की ते! दुसऱ्या बायकांचा कुंकवाचा धनी पलटणीत गोळ्यांना भीत असेल, हिचा एका उवेला भीत होता.

हळूहळू बाकीची पोरंही येऊन बसायला लागली. कुणाला घरची आठवण आली, की त्याचं डोकं हमखास खाजायचं. बोडक्या डोक्यात कुठल्या आल्या उवा? पण चिमणाबाई काही न बोलता तेल घालून चोळून द्यायची. महंमद नावाचं एक पोर होतं, त्याला आईच नव्हती. ते तर डोकं मांडीवर ठेवून झोपूनच जायचं. हंबीरला आधी राग यायचा, मग त्यालाही सवय झाली.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात एक शुक्रवार असा आला, की चिमणाबाईचा जीव जायचाच बाकी राहिला. तिला तापानं घेरलं होतं आणि बरेच दिवस फणी फिरली नव्हती. कुतुबुद्दीन मास्तर चष्मा लावून आले. हंबीरला उजेडात बसवलं आणि केसांत बोटं घातली. ती भिंतीला टेकून बघत होती. मास्तरांची बोटं कानामागं थांबली. त्यांनी वाकून बघितलं. मग अंगठ्याच्या नखावर काहीतरी धरलं आणि दुसऱ्या अंगठ्याच्या नखानं दाबलं. 'टक्' असा आवाज झाला.

तो आवाज कशाचा असतो, हे जगातल्या कुठल्याही आईला विचारा.

अंगणात ज्ञानू दुसऱ्या कुणाची तरी हजामत करत होता. हाक मारायचाच काय तो अवकाश. चिमणाबाई ठरल्याप्रमाणं तोंडातनं चकार काढणार नव्हती. तिनं डोळे मिटून घेतले आणि जोतिबाचं नाव घेतलं.

मास्तरांनी धोतराला बोटं पुसली. "कोंडा झालाय," ते म्हणाले. "तेल जरा जास्त लावत जा, बाई." आणि चष्मा काढून निघून गेले.

चुकलेला एक हिशोब खपवून न घेणारा माणूस तो! दुसऱ्या पोरांना त्यानं 'कोंडा' म्हणून सोडलं असतं का? मुळीच नाही. चिमणाबाई त्या दिवशी तापातच उठली आणि हंबीरचं डोकं घासून घासून लाल करून सोडलं. मास्तरांना ती त्यावर एका शब्दानं बोलली नाही. पण तिथून पुढं मास्तरांच्या ताटात पडणारी भाकरी अशी टम्म फुगलेली असायची, की पोरं कुरकुर करायची.

दर जूनमध्ये नवीन पोरं यायची आणि आंब्याखाली रांग लागायची. ज्ञानू वस्तरा परजत चुलीकडं बघून विचारायचा, "काय आक्का, औंदा?"

"न्हाय," ती म्हणायची.

"बरं." आणि तो पुढच्या पोराचं डोकं ओलं करायचा. दर साली एवढंच बोलणं.

मग लढाई संपली. साखरेच्या पुड्या वाटल्या, शाळेत गाणी म्हटली. पलटणी काही लगेच आल्या नाहीत. माणसं येत राहिली, थोडी थोडी, आगगाडीनं. कोण आलं असं कळलं, की चिमणाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून स्टेशनावर जायची. फाटकाजवळ उभी राहायची. गाडीतून उतरणाऱ्या एकेकाच्या चालीकडं बघायची, कारण तोंडं आता ओळखू येतील याची तिला खात्री नव्हती. उतरणाऱ्यांना घरची माणसं बिलगायची, रडायची. ती सगळी पांगली, की ही परत यायची आणि पीठ मळायला घ्यायची. पुढं पुढं माणसं येणं कमी झालं आणि मग थांबलं. यायचे होते ते आले होते.

हंबीर सातवीला गेला. केस आता कमरेला टेकायला आले होते आणि ओठांवर मिसरूड फुटत होतं. हे मोठं विचित्रच दिसायचं. पण बोर्डिंगात त्याला कुणी हसायचं नाही. नवीन पोरगं हसलंच, तर महंमद त्याला बाजूला नेऊन असं काही सांगायचा, की ते परत हसायचं नाही. कधी कधी हंबीर दिव्याशी वाचत बसला, की चिमणाबाई नुसती बघत राहायची. वळणच बापाचं होतं मानेचं.

सातवीच्या फायनल परीक्षेचा निकाल लागला. हंबीर पास झाला आणि तेवढ्या शिक्षणावर तेव्हा मिळायची तशी जोतिबाच्या डोंगराखालच्या एका गावात त्याला मास्तरकीही मिळाली. कुतुबुद्दीन मास्तरांनी सगळ्या पोरांना गोळा करून ते सांगितलं. पोरांनी हंबीरला उचलून अंगणभर नाचवलं. चिमणाबाई हसली, साखर वाटली आणि दुसऱ्या दिवशी कुणाला काही न सांगता एकटी डोंगरावर जाऊन आली.

परत आली ती थेट मास्तरांकडं गेली. "मास्तर, नव्या पोरांची रांग कवा हाय?"

"उद्या. का हो?"

"हंबीरला बशिवते."

मास्तर खुर्चीतून उठले. "काही कळलं का, बाई? कुणी काही सांगितलं?"

"कोन सांगतंय? मला काय समजंना व्हय इतके दिस?" ती उंबऱ्यावरच बसली. "जाताना म्हनला हुता, पोरगं शिकलं की मी सुटलो. मी त्याला धरून ठेवला हुता, मास्तर, पोर शिकंस्तोवर. मनात म्हनत हुते, मध्येच कसा जाशील? आता सुटला त्यो. देवाला सांगून आले. म्हनलं, नवस फेडत न्हाय बाबा, मोडती हाय. राग मानू नगंस."

मास्तरांनी तिला आपल्या हातानं पाण्याचा तांब्या दिला.

"दहाव्याला भावजी येतील. पंचगंगेवर करू," ती म्हणाली. "पर डोस्कं हितंच बोडायचं. आमी ह्या बोडिंगालाच आलतो न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आंब्याखाली रांग लागली. नवीन बारकी पोरं गाठोडी छातीशी धरून बसली होती आणि त्यांच्यात, सगळ्यांपेक्षा हातभर उंच, हंबीर. ज्ञानूनं सवयीनं चुलीकडं बघितलं आणि तोंड उघडलं.

"व्हय," चिमणाबाई त्याच्या आधीच म्हणाली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

ज्ञानूनं वस्तरा दगडावर पुन्हा घासला, उगीचच, बराच वेळ. मग हंबीरचा बुचडा सोडला. केस पाटावरून खाली जमिनीवर लोळले. ज्ञानू चालवत गेला आणि हंबीर ताठ बसून राहिला. महंमद आणि जुनी पोरं पागेच्या दारात उभी होती. चिमणाबाईनं तव्यावर भाकरी टाकली आणि ती तिकडं पाठ करून बसली, पण कान तिकडंच होते.

रांगेत हंबीरच्या मागं एक चिमुरडं पोर होतं, गौस नावाचं. त्यानं ते सगळं बघितलं आणि आता आपली पाळी म्हणून ते हमसून हमसून रडायला लागलं. हंबीर पाटावरून उठला. डोकं तुळतुळीत, डोळे लाल. त्यानं त्या पोराला जवळ घेतलं आणि पाटावर बसवलं.

"रडू नगंस," तो म्हणाला. "केस काय, येत्यात परत."

तव्यावरची भाकरी करपली. बोर्डिंगात आल्यापासून चिमणाबाईच्या हातची पहिलीच.